मेडिकलला जायचंय, मग इंजिनिअरिंग कशाला?

पुतणीनं इथे न्यू जर्सीत केमिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला, त्याच आठवड्यात सांगलीहून अण्णांचा फोन आला. "काय रे, पोरगी डॉक्टर होणार म्हणत होती ना? मग हे मध्येच काय?" मी म्हटलं, "अण्णा, डॉक्टरच व्हायचंय तिला." पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग, "अरे, मग बायोलॉजी सोडून इंजिनिअरिंग कशाला?"

अण्णांचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे हा फैसला अकरावीतच होतो. पीसीएम घेतलं की इंजिनिअरिंग, पीसीबी घेतलं की मेडिकल. ज्यांचं ठरत नाही ते चारही विषय घेऊन दोन वर्षं मान मोडून अभ्यास करतात. सीईटीचे गटसुद्धा वेगळे. नीटमध्ये मार्क पडले की बारावीनंतर थेट एमबीबीएस, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. हीच पद्धत आयुष्यभर पाहिलेल्या माणसाला "आधी इंजिनिअर, मग डॉक्टर" म्हणजे पुण्याला निघून कोल्हापूरच्या एसटीत बसल्यासारखं वाटणारच.

गंमत अशी की इथल्या मराठी मंडळात हाच प्रश्न मला उलट्या बाजूनं येतो. "इंजिनिअरिंग करून मेडिकलला अर्ज केला तर जास्त वजन पडतं ना?" मुलगा-मुलगी नववीत असल्यापासून आईबाप हे विचारतात. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही, केमिकल इंजिनिअर आहे. घरातल्या एकीची धावपळ जवळून पाहतोय, एवढाच माझा अधिकार.

आधी रस्ता समजून घेऊ

अमेरिकेत शाळेतून थेट मेडिकलला जाणं हा अपवाद. ब्राउन विद्यापीठाचा ८ वर्षांचा, मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेचा ६ वर्षांचा, असे काही जोड अभ्यासक्रम आहेत, पण जागा थोड्या आणि गर्दी मोठी. बाकी सगळ्यांसाठी क्रम ठरलेला: ४ वर्षांची पदवी, मग ४ वर्षांचं मेडिकल स्कूल, मग विषयानुसार ३ ते ७ वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण.

ती पहिली पदवी कशातली हवी? कशातलीही चालते. "प्रीमेड" असं मुलं म्हणतात, पण बहुतेक कॉलेजांत त्या नावाचा विषय नसतो. प्रीमेड म्हणजे फक्त "मी मेडिकलच्या वाटेवर आहे" असं सांगणं. मेडिकल स्कूल पदवीचं नाव बघण्याआधी ठरावीक विषय झालेत का ते बघतं. कॉलेजागणिक थोडा फरक असतो, पण साधारणपणे प्रयोगशाळेसह एक वर्ष बायोलॉजी, एक वर्ष जनरल केमिस्ट्री, एक वर्ष ऑर्गॅनिक केमिस्ट्री, एक वर्ष फिजिक्स. त्यावर एक सेमिस्टर बायोकेमिस्ट्री, थोडं गणित किंवा स्टॅटिस्टिक्स आणि इंग्रजी लेखन. एवढं पूर्ण करा आणि पदवी संगीतात घ्या, इतिहासात घ्या, नाहीतर इंजिनिअरिंगमध्ये. दरवर्षी अर्ज करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त जीवशास्त्राशी संबंधित पदवीचे असतात हे खरं, पण त्याचं कारण सोपं आहे: त्या पदवीत हे विषय आपोआप होऊन जातात. साहित्य किंवा तत्त्वज्ञान शिकलेली मुलं आकड्यानं कमी असली तरी प्रवेशाच्या प्रमाणात मागे पडत नाहीत.

मग येते एमकॅट, म्हणजे मेडिकल स्कूलची प्रवेश परीक्षा. चार भाग, २३० प्रश्न, मधल्या सुट्ट्या धरून जवळजवळ साडेसात तासांचा दिवस. गुण ४७२ ते ५२८ या पट्टीवर, ५०० म्हणजे मधोमध. एका भागात रसायन आणि भौतिकशास्त्र, एका भागात बायोलॉजी आणि बायोकेमिस्ट्री, एका भागात मानसशास्त्र आणि समाजशास्त्र, आणि एका भागात नुसते उतारे वाचून उत्तरं. कॅल्क्युलेटर चालत नाही. इंजिनिअरिंगची पोरं हे ऐकून हसतात आणि पहिल्या सराव परीक्षेत गुणाकार करताना घाम पुसतात. तीन वर्षं कॅल्क्युलेटर हाताला चिकटलेला असतो ना.

दारावर काय मोजतात

एमडीच्या (इथे एमडी म्हणजे आपल्या एमबीबीएससारखी डॉक्टरकीची पहिली पदवी) मेडिकल स्कूलना दरवर्षी ५० हजारांहून जास्त जण अर्ज करतात आणि २३ हजारांच्या आसपास प्रवेश मिळवतात. ज्यांना प्रवेश मिळतो त्यांचा सरासरी जीपीए (कॉलेजातल्या सगळ्या गुणांची ४ पैकी सरासरी) ३.८ च्या अगदी जवळ आणि एमकॅटची सरासरी ५११-५१२. हे दोन आकडे कागदावर लिहून फ्रिजवर लावा, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवती फिरतं.

आता मंडळातला तो प्रश्न. "इंजिनिअरिंगचा ३.५ म्हणजे बायोलॉजीचा ३.८, हे समितीला कळत असेल ना?" समितीतल्या माणसांना कळतं. पण हजारो अर्जांतून समितीपुढे कोणता यायचा, हे आधीच्या चाळणीत ठरतं, आणि त्या चाळणीला थर्मोडायनॅमिक्सची दया येत नाही. इंजिनिअरिंगसाठी ठरलेले वाढीव गुण कुठेही नाहीत. प्रोफेसर कडक होते, वर्गाची सरासरीच ५२ होती, हे सगळं खरं असलं तरी गुणपत्रिकेवर उमटते ती फक्त 'बी' ही श्रेणी.

यातही एक बारकावा आहे, जो बहुतेक पालकांना ठाऊक नसतो. एमडीच्या बहुतेक कॉलेजांचे अर्ज एमकास नावाच्या एकाच मध्यवर्ती सेवेतून जातात (टेक्सासच्या सरकारी कॉलेजांची व्यवस्था निराळी). एमकास दोन जीपीए काढतं: एक सगळ्या विषयांचा आणि एक फक्त बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित या चारांचा. इंजिनिअरिंगचे विषय या दुसऱ्या खात्यात धरत नाहीत. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये रात्री जागून मिळवलेला ए तुमच्या विज्ञानाच्या जीपीएला काडीचाही हातभार लावत नाही. बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा एखादा विषय मुळात जीवशास्त्राचाच असेल, तर तो बायोलॉजी म्हणून दाखवता येतो, पण पडताळणीत ते मान्य होईलच असं नाही.

याची दुसरी बाजू मात्र दिलासा देणारी आहे. कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, फिजिक्स हे सगळं विज्ञानाच्या खात्यात जमा होतं आणि इंजिनिअरिंगच्या मुलांचा तिथे हात बसलेला असतो. त्यामुळे एखाद्याचा एकूण जीपीए ३.६ आणि विज्ञानाचा ३.८ असंही चित्र दिसतं. ते वाईट नाही. पण एकूण आकडा खाली गेला की वर आणायला फार वेळ लागतो. हिशेब करून बघा: तीन वर्षांत ९० क्रेडिट (विषयाचं वजन मोजायचं माप) झाले, जीपीए ३.३. चौथ्या वर्षी उरलेल्या ३८ क्रेडिटमध्ये प्रत्येक विषयात ए मिळवला, एकही चूक नाही, तरी शेवटी हातात पडतो ३.५१. नापास झालेला विषय पुन्हा घेतला तर एमकास जुना आणि नवा दोन्ही गुण धरतं. कॉलेजनं जुना पुसला असला तरी.

म्हणून मी पालकांना स्पष्ट सांगतो: इंजिनिअरिंगची पदवी दारावर बक्षीस देत नाही. दिलंच तर आत गेल्यावर, आणि तेही बऱ्याच उशिरा देते.

कोणती शाखा, आणि तिची किंमत किती

सगळ्या शाखांना एका मापानं मोजून चालत नाही. खरा प्रश्न असा की त्या शाखेच्या अभ्यासक्रमात मेडिकलचे विषय किती आधीच बसलेत आणि किती वरून उचलायचे.

मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल घेतलं, तर फिजिक्स, गणित आणि बहुधा एक सेमिस्टर केमिस्ट्री मिळते. उरलेलं सगळं वरचं: बायोलॉजीचे ८ क्रेडिट, दुसऱ्या सेमिस्टरच्या केमिस्ट्रीचे ४, ऑर्गॅनिकचे ८, बायोकेमिस्ट्रीचे ३, मानसशास्त्र-समाजशास्त्राचे ६. बेरीज २९. म्हणजे पूर्ण दोन सेमिस्टर. मानसशास्त्र-समाजशास्त्र हे ह्युमॅनिटीजच्या सक्तीच्या क्रेडिटमध्ये बसवता येतात, शाळेत असतानाच दिलेल्या कॉलेज पातळीच्या एपी परीक्षांचे काही क्रेडिट मिळतात (सगळी मेडिकल स्कूल ते मानत नाहीत, आधी विचारा), उन्हाळ्यात काही उरकता येतं. तरीही वर्षभराचं जास्तीचं ओझं आहे आणि इंजिनिअरिंगची पदवी आधीच १२५-१३० क्रेडिटची असते.

कॉम्प्युटर सायन्सची कथा तीच, फक्त त्यात फिजिक्स-केमिस्ट्रीही कधीकधी वरूनच घ्यावी लागते.

बायोमेडिकल इंजिनिअरिंग ऐकायला सगळ्यात सोयीचं. नावातच दोन्ही आहेत. आपल्या लोकांना तर ते एका दगडात दोन पक्षी वाटतं. विषय खरोखरच जुळतात: बायोलॉजी असते, शरीरक्रियाशास्त्र असतं, केमिस्ट्री बरीच होते. जॉन्स हॉपकिन्ससारख्या ठिकाणी तर या विभागाची मोठी परंपरा आहे. माझी शंका वेगळी आहे. लोक ही शाखा निवडताना म्हणतात, "मेडिकल नाही मिळालं तर नोकरी तरी मिळेल." नोकरीच्या बाजारात मात्र बायोमेडिकलच्या पदवीधराला उपकरणं बनवणाऱ्या कंपनीतल्या एकाच जागेसाठी मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांशी झुंजावं लागतं, यंत्राचे भाग त्यांना जास्त कळतात, सर्किट त्यांना जास्त कळतं. बरेच जण शेवटी मास्टर्स करतात. ज्याला शरीर आणि यंत्र यांच्या सांध्यावरच काम करायचंय त्याच्यासाठी ही शाखा उत्तम. नुसता विमा म्हणून घ्यायची असेल, तर हा विमा वाटतो तितका पक्का नाही.

आणि केमिकल. इथे मी पक्षपाती आहे, आधीच सांगतो. केमिकलमध्ये जनरल केमिस्ट्री, ऑर्गॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, गणित हे मुळातच असतं. बायोलॉजी आणि बायोकेमिस्ट्री तेवढी वरून घ्यायची, आणि बऱ्याच कॉलेजांत ती ऐच्छिक विषयांत बसते. ऑर्गॅनिक हा प्रीमेडवाल्यांचा कर्दनकाळ आहे. बरेच जण तिथे गळतात. केमिकलवाल्याला तो विषय तसाही चुकत नाही.

पण मला केमिकल आवडतं ते क्रेडिटच्या हिशेबामुळे नाही. आमच्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक गणित असतं: ढवळत्या टाकीत एका बाजूनं द्रावण येतंय, दुसऱ्या बाजूनं जातंय, आत रसायन आहे, वेळेनुसार त्याचं प्रमाण किती उरेल? पुतणीनं दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत औषधशास्त्राचं एक पुस्तक उघडलं आणि मला फोन केला, "काका, ही तर आपली टाकीच आहे!" होतीच. रक्तातलं औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं ते बऱ्याच औषधांच्या बाबतीत त्याच समीकरणानं. ठरावीक वेळात औषध निम्मं होतं, तेवढ्याच वेळात पुन्हा निम्मं. पाच वेळा निम्मं केलं की बत्तिसावा भाग उरतो, ३ टक्क्यांच्या आसपास. एखादी गोळी दिवसातून तीनदा आणि दुसरी एकदाच का, मूत्रपिंड बिघडलेल्या म्हाताऱ्या माणसाला डोस कमी का, याचं उत्तर त्या टाकीत आहे. इतर विद्यार्थी हे पाठ करतात. तिला ते दिसलं.

आत गेल्यावर काय उपयोगाला येतं

नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा नियम घ्या. नळीची त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. कारण प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर चालतो. हृदयाची धमनी साका बसून बरीच अरुंद झाली की माणसाला जिना चढताना धाप का लागते, दम्यात श्वासनळी जराशी आवळली की छाती का भरून येते, हे इथून उलगडतं. अपघातात खूप रक्त गेलेल्या माणसाला डॉक्टर जाड आणि आखूड सुई शोधतात ती याच कारणानं. लांब बारीक नळी कितीही मोठ्या शिरेत घाला, सलाइन थेंबथेंबच जाणार.

शरीरात असे फीडबॅकचे फेरे सगळीकडे आहेत. साखर वाढली की इन्सुलिन, साखर उतरली की इन्सुलिन कमी; रक्तदाब, तापमान, श्वासाचा वेग, सगळं एखाद्या कंट्रोल सिस्टीमसारखं. ज्यानं थर्मोस्टॅटचं गणित सोडवलंय त्याला हार्मोनची साखळी परकी वाटत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: यंत्रावर संशय घेता येणं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडमध्ये घराघरांत आला. तो लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश बोटातून सोडतो आणि रक्तानं कोणता किती शोषला यावरून ऑक्सिजनचा अंदाज बांधतो. अंदाज. २०२० साली मिशिगनच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की रक्तात ऑक्सिजन खरोखर कमी असताना यंत्रावर मात्र ठीक आकडा, असं कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडत होतं. त्वचेतलं रंगद्रव्यही प्रकाश शोषतं, हे प्रकाश आणि सेन्सर शिकलेल्याला सांगावं लागत नाही. आपल्या सावळ्या लोकांच्या दृष्टीनं ही काही लांबची गोष्ट नाही.

दोन्ही पदव्या पचवलेलं मोठं नाव हवं असेल तर मे जेमिसन. १९७७ साली स्टॅनफर्डमधून केमिकल इंजिनिअरिंग, १९८१ साली कॉर्नेलमधून एमडी, पश्चिम आफ्रिकेत डॉक्टर म्हणून काम, आणि १९९२ साली अवकाशात जाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. मी हे नाव घेतलं की पालकांचे डोळे चमकतात. मग मी लगेच दुसरं नाव घेतो: विल्सन ग्रेटबॅच. हा इलेक्ट्रिकल इंजिनिअर. हृदयाचे आवाज नोंदवायचं सर्किट जोडताना त्यानं चुकून भलताच रेझिस्टर लावला आणि ते सर्किट हृदयासारखे ठोके देऊ लागलं. त्यातून शरीरात बसवायचा पेसमेकर आला. बफेलोतल्या विल्यम चार्डॅक या सर्जनच्या साथीनं १९६० साली तो माणसांत बसवला गेला. ग्रेटबॅच डॉक्टर नव्हता, त्याला व्हायचंही नव्हतं. ज्या मुलाला उपकरणं बनवायची आहेत, रुग्णाशी बोलायचा कंटाळा आहे, रात्रपाळीचा तिटकारा आहे, त्यानं मेडिकलला जायची गरजच नाही. त्याला एक चांगला सर्जन मित्र पुरतो. "दोन्ही आवडतं" म्हणणाऱ्या अर्ध्या मुलांचं म्हणणं नीट ऐकलं, तर ते एवढंच असतं.

दोन्ही खरोखर हवं असलेल्यांसाठी अलीकडे वेगळी कॉलेजंही निघालीत. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन आवारातलं कार्ल इलिनॉय कॉलेज ऑफ मेडिसिन हे इंजिनिअरिंगच्या पायावर उभं केलेलं मेडिकल स्कूल. २०१८ साली ३२ विद्यार्थ्यांच्या पहिल्या तुकडीनं सुरू झालं. ह्यूस्टनमध्ये टेक्सास ए अँड एमचा एनमेड कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. त्यात चार वर्षांत एमडीबरोबर इंजिनिअरिंगची मास्टर्सही मिळते. हार्वर्ड आणि एमआयटीचा संयुक्त कार्यक्रम तर १९७० पासूनचा. पण या सगळ्या जागांची बेरीज केली तरी २३ हजारांपुढे चिमूटभरच, तेव्हा केवळ त्यांच्यावर डोळा ठेवून चार वर्षांची आखणी करू नये.

इंजिनिअरिंग जे शिकवत नाही

वेळ शिल्लक ठेवायला शिकवत नाही. आणि मेडिकलच्या अर्जाला वेळच लागतो. डॉक्टरांच्या मागे उभं राहून काम पाहणं, ज्याला इथे शॅडोइंग म्हणतात, रुग्णालयात सेवा, ॲम्ब्युलन्सवर किंवा डॉक्टरांच्या नोंदी लिहिण्याचं काम, संशोधन. अर्जात अशा १५ नोंदींची जागा असते. इंजिनिअरिंगच्या मुलाची दुपार प्रयोगशाळेत, संध्याकाळ गटाच्या प्रोजेक्टमध्ये आणि उन्हाळा कंपनीतल्या इंटर्नशिपमध्ये जातो. ती इंटर्नशिप अर्जात छान दिसते, पण "तू आजारी माणसाजवळ किती बसलास?" याचं उत्तर ती देत नाही.

वाचनाचंही तसंच. एमकॅटचा उताऱ्यांचा भाग सूत्रांनी सुटत नाही. कलेवरचा, कायद्यावरचा, कुठल्याशा विचारवंतावरचा उतारा, आणि लेखकाला काय म्हणायचंय ते विचारतात. तीन वर्षं फक्त प्रश्नसंच सोडवलेल्या मुलांचा इथे घात होतो. हा भाग शेवटच्या दोन महिन्यांत घोकून सुधारत नाही.

शिफारसपत्रांची गंमत वेगळी. बरीच कॉलेजं विज्ञान शिकवणाऱ्या दोन प्राध्यापकांची पत्रं मागतात, आणि काही ठिकाणी इंजिनिअरिंगचा प्राध्यापक "विज्ञान"मध्ये धरत नाहीत. मग तीनशे मुलांच्या ऑर्गॅनिकच्या वर्गात ज्यानं एकदाही तोंड दाखवलं नाही, तो पत्र मागायला जातो आणि प्राध्यापक विचारतात, आपण कोण?

या सगळ्यामुळे इंजिनिअरिंगवाल्यांनी पदवी झाल्यावर एक वर्ष थांबणं मला शहाणपणाचं वाटतं. आपल्या घरांत "वर्ष वाया गेलं" म्हणतात. इथे मेडिकलला जाणाऱ्यांत निम्म्याहून जास्त जण मध्ये वर्षभर तरी थांबलेले असतात. उलट ज्यानं इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत बायोलॉजी घेतलीच नाही आणि नोकरी लागल्यावर ज्याला डॉक्टर व्हावंसं वाटलं, त्याच्यासाठीही दार बंद नाही: राहिलेले विषय पूर्ण करून घेणारे पोस्टबॅक अभ्यासक्रम आहेत. फक्त पगाराची सवय लागलेली असते. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कोण लागणार, असं तेव्हा स्वतःचं मनच विचारतं.

व्हिसा आणि पैसा

मराठी घरांत या विषयावर सगळ्यात कमी बोललं जातं. आईवडिलांच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसामुळे आलेली मुलं एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावर असतात आणि २१ वर्षं पूर्ण झाली की तो व्हिसा संपतो. बहुधा कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात. ग्रीन कार्ड आलं नसेल तर मुलगा परदेशी विद्यार्थी ठरतो. अमेरिकेतली बरीच मेडिकल स्कूल परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत, घेणाऱ्यांतली काही आधी फीची रक्कम बाजूला ठेवलेली दाखवा म्हणतात, आणि सरकारी शैक्षणिक कर्ज त्यांना मिळत नाही. अशा घरात इंजिनिअरिंगला खरंच अर्थ आहे, कारण दार परिश्रम कमी पडून नव्हे तर कागदामुळे बंद होऊ शकतं, आणि तेव्हा हातात नोकरी मिळवून देणारी पदवी असलेली बरी.

नागरिक असलेल्यांनाही कर्जाचा विचार चुकत नाही. कर्ज काढून मेडिकल करणाऱ्यांच्या डोक्यावर शेवटी साधारण २ लाख डॉलरचं ओझं असतं. २०२५ च्या कायद्यानं १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद केलं. सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर. वरचं खासगी बँकेकडून. पदवीसाठी आधीच कर्ज काढून बसणं म्हणूनच महागात पडतं.

पुण्याहून भाचे-पुतणे विचारतात, "इथे बीटेक करून तिकडे एमडीला येता येईल का?" जवळजवळ नाहीच. बहुतेक मेडिकल स्कूलना अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या कॉलेजात केलेला अभ्यास लागतो, आणि एमकास परदेशी गुणपत्रिका पडताळतही नाही. भारतात हे दोन रस्ते उलट्या टोकाला भेटतात: आयआयटी खरगपूरला एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांना तंत्रज्ञान शिकवणारा मास्टर्स आहे.

ठरत नसेल तर

इंजिनिअरिंगचे विषय पायऱ्यांसारखे एकावर एक असतात. कॅल्क्युलसशिवाय डिफरन्शियल इक्वेशन्स नाही, त्याशिवाय उष्णता आणि प्रवाहाचं गणित नाही, त्याशिवाय रिॲक्टर (रासायनिक क्रियेची टाकी) नाही. पहिल्या वर्षी ती वाट धरली नाही, तर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस शिरणं अवघड. कित्येक विद्यापीठं तर बाहेरच्या विभागातून इंजिनिअरिंगमध्ये सहज घेतच नाहीत. उलट इंजिनिअरिंग सोडून बायोलॉजीत जाणं सोपं, कारण केमिस्ट्री, फिजिक्स, गणित आधीच झालेलं असतं. म्हणून मन खरोखर दोन्हीकडे ओढत असेल, तर सुरुवात इंजिनिअरिंगमध्ये करावी आणि चौथ्या सेमिस्टरच्या शेवटी डोळे उघडे ठेवून गुणपत्रिका बघावी. तोवर ऑर्गॅनिकचा पहिला भाग आणि थर्मो दोन्हींची चव कळलेली असते. जीपीए ३.६ च्या वर आहे, प्रोजेक्टवर काम करताना वेळेचं भान राहत नाही, तर थांबा. ३.३ आहे आणि प्रत्येक प्रश्नसंच शिक्षा वाटतोय, तर त्याच आठवड्यात बदला. "सुरू केलंय तर पुरं करूच" हा आपल्या घरांतला हट्ट इथे फार महाग पडतो. दोन डगरींवर हात ठेवायचाच असेल, तर तो दोन वर्षं; चार नाही.

पुतणी चौथ्या सेमिस्टरला ३.७ वर होती. थांबली. सध्या शनिवारी सकाळी एका दवाखान्यात व्हीलचेअर ढकलते आणि दुपारी रिॲक्टर डिझाइनची गणितं करते. माझ्याकडे येते ती गणितं घेऊनच. अण्णांना मी हे सगळं दोन-तीनदा समजावलं. मागच्या महिन्यात सांगलीला गेलो तेव्हा कट्ट्यावर शेजारच्या काकांनी विचारलं, "नात काय करते अमेरिकेत?" अण्णा म्हणाले, "डॉक्टरच होणार आहे. आधी नळ बघून घेतेय, मग शिरा."